चालता आवाज धरता येत नाही

दर पावसाळ्यात एखादी तरी बातमी येते. सह्याद्रीत कुठेतरी पाच-सहा जणांचा गट वाट चुकतो, रात्र पावसात काढतो, सकाळी गावकरी आणि बचाव पथक त्यांना खाली आणतात. कधी सगळे परत येतात, कधी एक जण कमी असतो. बातमी सोलापुरात पोचेपर्यंत पहिला प्रश्न तयार असतो: "कशाला मरायला गेले होते तिकडं?" आमच्या शिक्षकांच्या खोलीत हा प्रश्न मी दर वर्षी ऐकते, सात रस्त्याला चहा पिताना ऐकते, नात्यातल्या लग्नात ऐकते. पाठोपाठ दोन मागण्या येतात. डोंगरावर जायला बंदी घाला, ही एक. आणि शोधायला झालेला खर्च त्यांच्याकडूनच वसूल करा, गुन्हे नोंदवा, म्हणजे पुढच्यांना धडा मिळेल, ही दुसरी.

या दोन्ही मागण्यांनी जास्त माणसं मरतील, असं माझं ठाम मत आहे. वाट चुकलेला माणूस वाचतो तो वेळेवर थांबला तर, आणि "मी चुकलो" हे कुणाला तरी वेळेवर सांगितलं तर. खाली गेल्यावर हसं होईल, दंड होईल, पोलीस ठाण्यात बसावं लागेल, अशी धास्ती ज्याच्या मनात आहे तो थांबत नाही आणि सांगतही नाही. तो चालत राहतो.

हे मला कसं कळलं ते आधी सांगते.

सात वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये नववीची अकरा मुलं आणि खेळाचे एक सर यांच्यासोबत मी हरिश्चंद्रगडावर गेले होते. मी शाळेत भूगोल शिकवते. त्याआधी दोनदा तो गड केला होता, दोन्ही वेळा हिवाळ्यात. रात्री सोलापूर सोडलं, पहाटे आळेफाटा, मग खुबी फाट्यावरून खिरेश्वर, आणि नऊच्या सुमारास चढायला लागलो. तोलार खिंड आली, पुढचा रेलिंगचा कातळटप्पा मुलं हसत-खिदळत चढली. वर पठारावर पाय ठेवला आणि धुकं उतरलं. पुढच्या मुलाची सॅक दिसायची, त्याच्या पुढचा मुलगा दिसायचा नाही. ज्यांनी ते पठार पाहिलंय त्यांना माहीत आहे, तिथे वाट एक नसते. गुरांनी चरून चरून पाडलेल्या असंख्य ढोरवाटा असतात. प्रत्येक मळलेली, प्रत्येक खात्रीची वाटणारी, आणि शेवटी कुठल्यातरी जाळीत जाऊन विरणारी.

आपण चुकलो हे मला पहिल्या वीस मिनिटांतच कळलं होतं. उतार डाव्या हाताला असायला हवा होता, तो उजव्या हाताला आला होता. तरी मी मुलांना म्हणाले, "बरोबर आहे, चला." नकाशा वाचायला, दिशा ओळखायला मीच त्यांना शिकवत होते. त्या अकरा मुलांसमोर, त्या सरांसमोर, आणि परत आल्यावर मुलांच्या आई-वडिलांसमोर "मला वाट सापडत नाही" हे वाक्य मला उच्चारायचं नव्हतं. तेवढ्या एका वाक्याच्या लाजेपोटी मी त्या मुलांना दीड तास भर पावसात चालवलं. शेवटी रांगेतली एक मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, ही चप्पल मघाशी पण होती." निळ्या पट्ट्याची, अंगठा तुटलेली, डाव्या पायाची रबरी चप्पल. शेजारी शेणाचा पो. टाचेच्या खळग्यात पावसाचं पाणी साचलेलं. ती चप्पल मीही ओळखली होती, तिच्या आधीच.

तेव्हा थांबलो. सरांनी मुलांना एका मोठ्या दगडाच्या आडोशाला, वाऱ्याकडे पाठ करून, एकमेकांना चिकटून बसवलं. वर प्लास्टिकचा कागद धरला आणि मैदानावरची आपली शिट्टी काढली. थांबून थांबून ते वाजवत राहिले. पाऊण तासाने धुक्यातून डोक्यावर खोळ घेतलेले एक म्हातारे गुराखी आले. आल्या आल्या काही बोलले नाहीत. मुलं मोजली. पुन्हा एकदा मोजली. मग मला म्हणाले, "बाई, शिट्टी एका जागंवरनं येत व्हती म्हणून घावलात. चालता आवाज धरता येत न्हाई."

गडावरचं हरिश्चंद्रेश्वराचं देऊळ तिथून वीस मिनिटांवर होतं.

माझी आजी म्हणायची, चकवा लागला की खाली बसावं, उजाडायची वाट बघावी. आम्ही ते भुताखेताचं म्हणून सोडून दिलं. २००९ साली जर्मनीत ट्यूबिंगेनच्या माक्स प्लांक संस्थेतल्या यान सौमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा चकवा मोजून पाहिला. जर्मनीतल्या एका सपाट जंगलात आणि ट्युनिशियाच्या वाळवंटात त्यांनी माणसांना सरळ चालत राहायला सांगितलं आणि जीपीएसवर त्यांचा माग ठेवला. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर माणसं बऱ्यापैकी सरळ गेली. आभाळ झाकलं की वळू लागली, आपलीच वाट ओलांडून गेली आणि त्यांना ते कळलंही नाही. डोळे बांधल्यावर तर काही जण २० मीटर व्यासाच्या आत गोल फिरले. एक पाय लांब, एक आखूड असला काही त्यामागचा प्रकार नव्हता. बाहेरची खूण दिसेनाशी झाली की "सरळ" कुठे याचा अंदाज पावलागणिक थोडा ढळतो आणि ही चूक साठत जाते. आजीला कारण माहीत नव्हतं, उपाय मात्र अचूक माहीत होता.

आम्हा सोलापूरकरांना हे पटायला जड जातं. आमचा मुलूख माळाचा. नान्नजच्या माळढोक अभयारण्यात उभं राहिलं की नजर जाईल तिथवर गवत, अधूनमधून बाभळी, आणि लांब कुठेतरी देवळाचं शिखर नाहीतर साखर कारखान्याची चिमणी. चुकलं तर तिकडे तोंड करून चालायचं. तासाभरात डांबरी लागते, वस्ती लागते, बांधावरनं कोणीतरी "कुठं निघालाव?" म्हणून हटकतं. आमच्याकडे चालणारा वाचतो. हीच सवय पायात घेऊन आमची मुलं सह्याद्रीत जातात, आणि तिथल्या जमिनीचा कायदा वेगळा आहे.

सह्याद्री सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी एकावर एक साचलेल्या लाव्ह्याच्या थरांतून कोरला गेला. थराच्या माथ्यावर सपाटी, थर संपला की तुटलेला कडा, खाली पुन्हा पदर, पुन्हा कडा. म्हणून "पाण्याच्या कडेकडेने खाली जा, गाव लागतंच" हा सगळीकडे सांगितला जाणारा सल्ला इथे घातक आहे. १९७१ च्या डिसेंबरात पेरूच्या जंगलावर विमान फुटून कोसळलं, त्यातून सतरा वर्षांची युलियाने कोपके एकटी वाचली आणि ओढ्याच्या आधाराने चालत अकरा दिवसांनी माणसांपर्यंत पोचली. ॲमेझॉनच्या खोऱ्यात ओढा नदीला मिळतो आणि नदीकाठी माणूस असतो. सह्याद्रीतला ओढा आधी कड्याला मिळतो. माणूस शेवाळलेल्या कातळावरून एक टप्पा घसरत उतरतो, मग दुसरा, आणि तिसऱ्या ठिकाणी समोर धबधब्याची धार असते. पुढे जाता येत नाही, आणि जो टप्पा घसरत उतरला तो परत चढताही येत नाही. हवाईतल्या माऊई बेटावर २०१९ साली एक तरुणी जंगलात फिरायला गेली, फोन आणि पाणी गाडीतच राहिलं, आणि १७ दिवसांनी ती हेलिकॉप्टरला दिसली तेव्हा अशाच एका घळीत, दोन धबधब्यांच्या मध्ये अडकलेली होती. तिचं नशीब मोठं.

थंडीचंही तसंच. मे महिन्यात ४३-४४ अंश सोसणाऱ्या आमच्या माणसांना ऊन कळतं, तहान कळते. थंडीने मरण हिमालयात येतं असा आमचा समज. ऑगस्ट २०२३ मध्ये हरिश्चंद्रगडावरच पुण्याहून आलेल्या सहा जणांची धुक्यात वाट चुकली आणि पावसात-थंडीत रात्र काढताना त्यातला एक जण दगावला. बर्फ नव्हता, हिवाळा नव्हता. अंगावरचे कपडे ओले आणि वर वारा असला की पंधरा-सोळा अंशांतही शरीराची ऊब उत्पन्नापेक्षा जास्त वेगाने खर्च होते. आधी हुडहुडी भरते, मग बोलणं अडखळतं, मग माणूस भलतेच निर्णय घेऊ लागतो. माझी मुलं पहिल्या ट्रेकला हमखास घरची सोलापुरी चादर घेऊन येतात. आमच्या गावाची शान ती, घरोघरची ऊब ती. पण सुती असल्याने एकदा भिजली की पाण्याने जड होते आणि अंगातली उष्णता ओढून घेते. ती चादर मी आता सॅकमधून काढून घरी परत पाठवते आणि दहा रुपयांना मिळणारा मोठा प्लास्टिकचा कागद द्यायला लावते. कडक भाकरी आणि शेंगाचटणी मात्र राहू देते. चार दिवस न बिघडणारं आणि पाण्याशिवाय हातात धरून खाता येणारं याहून चांगलं जेवण कुठल्या दुकानात मिळत नाही. तरी खरं सांगायचं तर अन्नाची काळजी सर्वांत शेवटची. अन्नाविना माणूस कित्येक दिवस काढतो. पाण्याविना तीनेक दिवस, आणि ओल्या वाऱ्यात आडोशाविना काही तास.

थांबलं की वाचलंच, असंही मी म्हणणार नाही. २०१३ साली अमेरिकेतल्या मेन राज्यात ॲपलाचियन वाटेवर एक ६६ वर्षांची अनुभवी पदभ्रमंतीकार लघुशंकेसाठी वाटेच्या जरा आत गेली आणि तिला वाट परत सापडली नाही. नवऱ्याला तिने मदतीचे संदेश पाठवायचा प्रयत्न केला, रेंज नव्हती, एकही पोचला नाही. तिने तंबू ठोकला, रोज डायरी लिहिली आणि जवळजवळ चार आठवडे जिवंत राहिली. दोन वर्षांनी तिचा तंबू सापडला तो वाटेपासून किलोमीटरभराच्याही आत, दाट झाडीखाली, वरून दिसणार नाही असा. हे मी वाचलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. ती थांबली होती, तरी तिचा आवाज कुणापर्यंत गेला नाही. म्हणून थांबायचं ते दिसेल अशा जागी, उघड्यावर, रंगीत कापड पसरून, आणि शिट्टी वाजवत. मिनिटात सहा शिट्ट्या, मग मिनिटभर शांत राहून कान द्यायचा, पुन्हा सहा. ऐकणाऱ्याने तीन वाजवून उत्तर द्यायचं. ही खूण डोंगरांतून शंभरहून अधिक वर्षं चालत आली आहे आणि माणूस ओरडून ओरडून घसा बसल्यावरही शिट्टी चालू राहते. फोन असेल तर ११२ लावायचा. कॉल लागत नसेल तिथे साधा मेसेज कधी कधी निसटून जातो.

आता बंदीकडे येते. दुर्घटना झाली की जिल्हाधिकारी मनाईचा हुकूम काढतात, पूर्वी कलम १४४ खाली, आता नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली. धबधब्याच्या तोंडाशी हजारोंची गर्दी असते तिथे ते एखाद्या शनिवार-रविवारपुरतं योग्यही असेल. पण गडांवर सरसकट बंदी घातली की काय होतं? पायथ्याच्या गावात पोलीस उभे असतात म्हणून मुलं गावात शिरतच नाहीत. आडवाटेने, अंधारात, वाटाड्याशिवाय, कुणालाही न सांगता चढतात. वर चुकली तर ती कुठे आहेत हे गावाला माहीत नाही, आणि आई-वडिलांना तर ती मित्राच्या घरी अभ्यासाला गेली आहेत असं वाटत असतं. ज्याने कुणाला सांगितलंच नाही त्याचा शोध सुरू व्हायलाच दुसरा दिवस उजाडतो.

वसुली आणि गुन्ह्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांकडेही मुद्दे आहेत. केरळात पालक्काड जिल्ह्यात फेब्रुवारी २०२२ मध्ये एक तरुण मलंपुळाजवळच्या टेकडीवर कपारीत अडकला. जवळपास दोन दिवसांनी सैन्याने त्याला काढलं. आधी त्याच्यावर गुन्हा नोंदवायचा नाही असं ठरलं होतं, पण पुढच्या काही दिवसांत आणखी लोक त्याच टेकडीवर चढू लागले आणि वनखात्याने शेवटी गुन्हा नोंदवला. सरकारची अडचण मला समजते. तरी माझ्यासमोर दुसरंही चित्र येतं: पुढच्या वेळी कपारीत अडकलेला मुलगा फोन हातात धरून विचार करतोय, लावू की नको. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात निष्काळजीपणा केलेल्यांकडून शोधाचा खर्च घेतात. पण खर्चाच्या भीतीने लोक उशिरा हाक मारतात, आणि उशिरा आलेल्या हाकेला धावणं वाचवणाऱ्यांच्याही जिवावर बेततं, म्हणून वसुली नकोच, असं अमेरिकेतले डोंगरी बचाव पथकवालेच सांगतात. जे दोर बांधून दरीत उतरतात त्यांचं या बाबतीत ऐकावं, की घरात बसून "धडा शिकवा" म्हणणाऱ्यांचं?

जबाबदारी ठरवायची तर ती पैसे घेणाऱ्यावर ठरवा. माणशी हजार-बाराशे घेऊन एका बसमध्ये साठ जण कोंबणारा, त्यांच्यामागे दोन अननुभवी पोरं सोडणारा, स्थानिक वाटाड्याचे पाचशे रुपये वाचवणारा आयोजक हा गुन्हेगार आहे. २०२१ साली राज्याने साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, आयोजकांनी नोंदणी करावी असं त्यात आहे. त्याची अंमलबजावणी कडक करा, मी पहिली टाळी वाजवीन. वाट चुकलेल्याला मात्र हात लावू नका.

आणि आपल्या जिल्ह्याला तर हे नव्याने शिकायची गरजच नाही. आषाढीला पंढरपुरात लाखो माणसं येतात आणि रोज शेकड्यांनी चुकतात. चुकलेल्या म्हातारीला कुणी "कशाला आली होतीस?" म्हणत नाही. तिला सावलीत बसवतात, पाणी देतात, आणि कर्ण्यावरून पुकारतात: अमुक गावच्या आजी इथे बसल्या आहेत, त्यांच्या माणसांनी येऊन घेऊन जावं. तिलाही आपली दिंडी कितवी, रथाच्या पुढची की मागची, आजचा मुक्काम कुठे, हे पाठ असतं. चंद्रभागेच्या वाळवंटात माझा हात घट्ट धरून आई दर वेळी एकच सांगायची: "सुटलीस तर जागची हलू नको. मी येते." चुकणं धरूनच चालायचं, चुकलेल्याने एका जागी बसायचं, आणि शोधणाऱ्याने न रागावता यायचं. इतक्या गर्दीत माणसं घरी पोचतात ती या तीन गोष्टींवर.

कुणी म्हणेल वारी भक्तीची, ट्रेक हौसेचा. हौसेने गेलेल्याच्या आईला तो फरक सांगून पाहावा.

गडांच्या पायथ्याशी मी आजवर अनेक ठिकाणी प्रवेशाची पावती फाडली आहे. गाडीचा नंबर लिहून घेतात, डोकी मोजतात. कुठल्या वाटेने जाणार आणि किती वाजता परत येणार हे मला एकदाही कुणी विचारलं नाही. त्याच वहीत दोन रकाने वाढवले तर संध्याकाळी सात वाजता कोण खाली आलेलं नाही हे कळेल, दुसऱ्या दिवशी दुपारी नाही. शोधायला पहिली धावतात ती पायथ्याच्या गावची माणसं, बहुतेकदा भाताची आवणी सोडून, आपल्या चिखलातल्या शेतातून उठून. लोणावळ्याच्या शिवदुर्गसारख्या बचाव संस्थांची मुलं स्वतःच्या नोकऱ्या सांभाळून रात्री-अपरात्री निघतात. त्यांचा विमा, दोर, गाडीचं डिझेल, गावकऱ्यांची बुडालेली मजुरी हे सरकारने द्यायला हवं. वसुलीची भाषा करताना हा हिशेब कुणी मांडत नाही.

शाळांचं काम वेगळं आहे. १९८१ साली कॅलिफोर्नियात एक नऊ वर्षांचा मुलगा डोंगरात हरवून मेला. तो चालत राहिला होता. त्याच्या शोधात असलेल्यांनी नंतर मुलांसाठी एक छोटा पाठ तयार केला: हरवलास तर एका झाडाला मिठी मार आणि तिथेच राहा, तुझ्यावर कुणी रागावणार नाही. यातला शेवटचा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण शोधायला आलेल्या माणसांनाही ओरडा बसेल म्हणून लहान मुलं लपून बसतात. सोलापूर जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेत सहल निघण्याआधी हा पाठ व्हावा असं माझं मागणं आहे. स्काऊट-गाइडचे तास आहेत, एनसीसी आहे, खेळाचे सर आहेत. खर्च एका शिट्टीचा.

आम्ही तो जूनच्या पहिल्या रविवारी घेतो, गावाबाहेरच्या माळावर. एकेका मुलाला बाभळीच्या आड, एकमेकांना दिसणार नाही असं बसवायचं. आधी प्रत्येकाने मोठ्याने म्हणायचं, "मी वाट चुकलोय" किंवा "मी वाट चुकलेय." पहिल्यांदा सगळे पुटपुटतात, मान खाली घालतात, म्हणून पुन्हा म्हणायला लावते. माझ्या पाळीला मीही म्हणते. मग शिट्टी. यंदा आठवीतली एक मुलगी घड्याळावर बोट ठेवून बसली होती. सहा वाजवल्या. मिनिटभर श्वास रोखल्यासारखी गप्प राहिली, काटा पूर्ण फिरेपर्यंत. पुन्हा सहा वाजवणार तोच माळाच्या दुसऱ्या टोकावरून तीन आल्या.